‘चारचौघींत तिला बोलायला लावणार का?’

(पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.)

"ताई, माझी मुलगी नववीत आहे, मुलींच्या शाळेत. दिवाळीपासून नुसती गप्प गप्प. कबड्डी चांगली खेळायची, तालुक्यापर्यंत गेली होती, आता म्हणते नको. स्पोर्ट शूज पडून होते ते मीच माळ्यावर टाकले. शाळेतून आली की आडवी होते, डोकं दुखतं म्हणते, जेवण अर्धं टाकते, काही विचारलं की अंगावर येते. गणितात पण खाली आली. तिचे बाबा चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतात. मी दुकानात कामाला, सातला घरी येते, तोवर कुकर आणि भांडी तीच बघते, तशी गुणी आहे. धाकटा सहावीत आहे. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत सगळी, मोबाईल काढून घ्या. आता शाळेत एक नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला त्यात हिला २७ पैकी १३ आले, हे पास की नापास तेच कळेना. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या अशा आठ मुलींचा ग्रुप करणार, दर मंगळवारी शाळा सुटल्यावर, दहा आठवडे, सीबीटी का काहीतरी नाव सांगितलं, पालकांची सही पाहिजे. वर्गशिक्षिका पण बसणार म्हणे. मला भीती ही की चारचौघींत तिला बोलायला लावणार, घरचं सगळं बाहेर निघणार. गाव लहान आहे, बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. सासूबाई तर म्हणतात उद्या स्थळं बघताना कोणी हे काढलं तर? तिला एकटीलाच घेऊन बसल्या तर चालणार नाही का? सही करू का नको? – एक आई, सांगली जिल्हा"

ताई, आधी उत्तर देते मग बाकीचं. सही करा. पण करायच्या आधी त्या मॅडमना दोनचार गोष्टी विचारा आणि एक गोष्ट त्यांच्याकडून बदलून घ्या, कुठली ते पुढे येईलच.

पहिलं ते २७ पैकी १३. हा पेपर नाहीये, इथे मार्क जितके कमी तितकं बरं. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होतं का, आपण काही कामाचे नाही असं वाटत होतं का, असे नऊ प्रश्न आणि प्रत्येकाला शून्य ते तीन. दहा किंवा वर गेलं की आम्ही कान टवकारतो, दहा ते चौदा म्हणजे मध्यम उदासी. म्हणजे सासूबाई म्हणतात तसं हे झटकून टाकायचं नाही आणि तुमची झोप उडावी एवढंही नाही. पण ही नुसती चाळण आहे ताई, चाळणीत खडा अडकतो तसा कधी चांगला जाडा दाणा पण अडकतो, त्यामुळे फॉर्मनंतर कोणीतरी तिच्याशी एकटीशी अर्धा-पाऊण तास नीट बोललेलं असायला हवं. मॅडम बोलल्यात का? ही विचारायची पहिली गोष्ट. आणि त्यातला नववा प्रश्न असतो मरून जावं किंवा स्वतःला काही इजा करावी असं वाटतं का, त्याला तिने काय उत्तर दिलंय ते विचारा. काही असतं तर मॅडमनी तुम्हाला त्याच दिवशी बोलावलं असतं असं धरून चालू, तरी विचारा. घरीही एकदा तिला सरळ विचारा, आडून आडून नको. आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नको ते भरेल असं सगळ्याच आयांना वाटतं, तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच मुलींना सुटल्यासारखं वाटतं.

आणि ते अंगावर येणं. मोठ्या माणसाचं डिप्रेशन म्हणजे रडका चेहरा असं आपल्या डोक्यात बसलंय, पण या वयात ते पुष्कळदा चिडचिड होऊनच बाहेर पडतं, डोकं दुखणं, पोट दुखणं होऊन पडतं. त्यामुळे घरच्यांना ती उद्धट झाली असं वाटतं आणि मग तिला अजून बोलणी बसतात.

दुसरं, रक्त तपासून घ्या, याच आठवड्यात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तरी. रक्त कमी असलं की पण मुलगी गळून जाते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आडवी होते, आणि आपल्याकडे हे इतकं आहे की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं रक्त कमी निघालं होतं. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात ना लोहाची, ती ती घेते का हळूच खिडकीतून टाकते तेही बघा, मी स्वतः शाळेच्या खिडकीखाली त्या गोळ्यांचा सडा बघितलाय. पण रक्त कमी निघालं म्हणून ग्रुप रद्द करू नका, दोन्ही एकदम असू शकतं.

आता ग्रुप. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणं यांवर काम करून मन सावरायचा उपचार. तुमच्या मनात जे चित्र आहे ना, की मुली गोल करून बसल्यात, एकीने उठून घरचं सांगायचं, बाकीच्यांनी डोळे पुसायचे, तसं हे नसतंच. निदान नीट घेतलं तर नसतं. हे कीर्तनापेक्षा शिवणक्लासच्या जवळचं आहे, वही असते, घरचा अभ्यास असतो, एकेक टाका शिकवतात आणि मागच्या वेळचा उसवला का ते तपासतात. हे मी गंमत म्हणून म्हणत नाही, अमेरिकेत ओरेगॉनमधे पीटर लुइनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी जो पहिला गाजलेला ग्रुप बांधला त्याला त्यांनी मुद्दामच ‘कोर्स’ म्हटलं होतं. आठ आठवडे, दोन दोन तासांच्या सोळा बैठका, हातात वर्कबुक. त्यांचं म्हणणं होतं उदासीतून बाहेर यायला काही कसबं लागतात आणि कसबं शिकवता येतात, मग त्याचा वर्गच भरवू. आपल्याकडे शाळेच्या वेळापत्रकात बसवायला ते कापून आठ-दहा बैठकांचं करतात, तास-दीड तासाचं, तुमच्या शाळेनेही तेच केलेलं दिसतंय.

तर दर मंगळवारी काय होईल ते सांगते, म्हणजे तुमची धास्ती जरा कमी होईल.

पहिल्या दिवशी नियम ठरतात आणि ते मुलीच ठरवतात. इथलं बाहेर न्यायचं नाही, बोलायचं नसेल तर ‘पास’ म्हणायचं, कोणाला हसायचं नाही. पास म्हणता येतं ही गोष्ट लक्षात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत पास पास करत बसलेली मुलगी मी बघितलीय आणि तरी तिचा फायदा झालेला बघितलाय, कारण ऐकणं हेही काम असतं.

मग दोन बैठका नुसत्या हातापायाच्या. रोज रात्री वहीत मूडला शून्य ते दहा मार्क द्यायचे आणि त्या दिवशी काय काय केलं ते लिहायचं. आठवडाभराने वही समोर ठेवली की मुलींनाच दिसतं की ज्या दिवशी मैत्रिणीबरोबर सायकलवरून घरी आले त्या दिवशी पाच आणि ज्या दिवशी आल्या आल्या पांघरूण घेतलं त्या दिवशी दोन. उदास माणूस म्हणतो आधी बरं वाटू दे मग खेळेन, आणि ते बरं वाटणं काही येत नाही कारण खेळ, गप्पा, हसणं सगळं बंद झालेलं असतं ना, जिथून बरं वाटायचं तेच नळ बंद. म्हणून उलटीकडून सुरू करायचं, मन नसताना पाय हलवायचे, अगदी थोडे. वीस मिनिटं. कबड्डीचा सामना नको, नुसतं मैदानावर जाऊन कडेला उभं राहून ये.

त्यानंतर विचारांचं काम, आणि इथे ग्रुपची खरी मजा आहे. थोडं मागचं सांगते. ॲरन बेक म्हणून फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ होते, १९६० च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की उदास पेशंटच्या डोक्यात मागे एक बारीक आवाजात रेडिओ चालू असतो, मी बिनकामाचा, लोक वाईट, पुढे काही चांगलं होणार नाही, आणि पेशंट त्याला विचार म्हणतच नाही, तो त्याला खरंच समजतो. बेक यांनी तो आवाज मोठा करून ऐकायला आणि मग तपासायला शिकवलं. तपासायला म्हणतेय हं, बदलायला नाही. बरेच जण सीबीटी म्हणजे पॉझिटिव्ह विचार करा असं समजतात, व्हॉट्सॲपवर सकाळी येतात ना फुलांच्या फोटोवर तसं, ते हे नाही. मी फार हुशार आहे मी फार हुशार आहे असं म्हणून कोणी बरं होत नाही. विचारायचं एवढंच की तुला जे वाटतंय त्याला पुरावा काय.

माझ्या एका ग्रुपमधला प्रसंग सांगते, ओळखू येऊ नये म्हणून थोडा फिरवलाय. एक मुलगी म्हणाली मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरच्या सगळ्या गप्प होतात, त्या माझ्याबद्दलच बोलत असतात. फळ्यावर लिहिलं. खाली दोन रकाने, बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा. बाजूचा रकाना भराभर भरला, विरुद्धचा रिकामा. मी खडू हातात धरून नुसती उभी. मग कोपऱ्यातून एक आवाज आला, अगं मागच्या बाकावर तर मीच असते, मी गप्प होते कारण तू सायन्सचं काही विचारशील आणि मला येणार नाही म्हणून. सगळ्या हसल्या, ती पहिली पण हसली आणि मग तिला रडू आलं. आता सांगा, हे मी तिला माझ्या केबिनमधे एकटीला बसवून दहा तास समजावलं असतं तरी तिने म्हटलं असतं तुम्हाला काय माहीत मॅडम. खरंच आहे, मला नव्हतंच माहीत.

म्हणून तुमच्या त्या प्रश्नाला, की एकटीला घेऊन बसल्या तर चालणार नाही का, माझं उत्तर आहे की चालेल, एकटीची थेरपी पण चांगलीच असते आणि काही मुलींना तीच लागते. शाळा ग्रुप काढते त्यात काउन्सेलर एक आणि मुली सहाशे हे पण कारण असतंच, ते लपवायचं कशाला. पण या वयातल्या उदासीच्या बुडाशी बसलेला विचार बहुतेक वेळा हाच असतो की माझ्या एकटीचंच असं आहे, बाकी सगळ्या मजेत आहेत, त्यांचे स्टेटस बघा. हा विचार खोटा पाडायचा तर पुरावा एकच, बाकीच्या सात जणी. तो पुरावा एकटीच्या केबिनमधे कुठून आणणार.

आणि हो, मुलीच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण सासूबाई विचारतील. वयात यायच्या आधी मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो, पाळी सुरू व्हायच्या वयानंतर मुलींमधलं डिप्रेशन मुलग्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं, जगात बऱ्याच ठिकाणी असंच दिसतं. शरीर बदलतं हे एक कारण, त्याच सुमाराला बाहेर जायचं कमी होतं, घरातली कामं वाढतात, रस्त्यावरच्या नजरा सुरू होतात हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे रवंथ. सुझन नोलेन-होक्सिमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं. मुलगे मनातलं बाहेर मारामारीत नाहीतर खेळात काढतात, मुली तेच तेच आत चघळत बसतात, ती असं का म्हणाली, मी तसं का बोलले, आणि चघळून चघळून ते मोठं होत जातं.

इथेच ग्रुपचा धोका पण आहे, तो सांगायला पाहिजे. दोन मैत्रिणी मिळून रवंथ करतात ना तासन्‌तास, त्याच्यावर अमांडा रोझ यांचा २००२ चा अभ्यास आहे, त्यात दिसलं की असं करणाऱ्यांची मैत्री घट्ट असते पण मन जास्त उदास असतं. मग आठ उदास मुली एका खोलीत बसवल्या आणि नुसतं बोला बोला म्हटलं तर काय होईल? म्हणूनच ग्रुप कोण घेतंय हे महत्त्वाचं. जाणकार बाई असेल तर ती कोणालाही पाच-सात मिनिटांच्या वर दुःख सांगू देत नाही, ऐकून घेते आणि मग विचारते बरं, येत्या मंगळवारपर्यंत यातलं काय करून बघशील? तुम्हाला हे जरा कोरडं वाटेल. पण तुमच्या घरच्या गोष्टी बाहेर निघत नाहीत त्या याच कोरडेपणामुळे. कामाचा तुकडा असतो ‘गणितात खाली आले म्हणजे मी ढ झाले’ एवढाच, बाबा किती दिवसांनी येतात आणि आजी काय बोलते हे त्या तुकड्यात मावतच नाही.

एक अपवाद आहे तो तुम्हाला आधीच माहीत असावा. कोणी मुलगी जिवाला धोका होईल असं बोलली, किंवा तिच्यावर कोणी लैंगिक अत्याचार केल्याचं निघालं, तर ते गुपित राहत नाही. दुसऱ्या बाबतीत तर पॉक्सो कायद्याने, २०१२ चा आहे तो, कळवणं बंधनकारक आहे. चांगल्या मॅडम हे पहिल्याच दिवशी मुलींना सांगतात.

आता ती बदलून घ्यायची गोष्ट. वर्गशिक्षिकेने ग्रुपमधे बसायचं नाही. त्या चांगल्या असतील, मायाळू असतील, माझं त्यांच्याशी वैर नाही, पण ज्या बाई सकाळी गणिताची वही तपासतात आणि पालकसभेत तुमच्याशी बोलतात त्यांच्यासमोर कुठली मुलगी ‘मला शाळेत यावंसं वाटत नाही’ म्हणेल? बिहारमधे नालंदा जिल्ह्यात सरकारी हायस्कुलांमधे मोठा प्रयोग झाला होता, त्यात गोव्याच्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचे लोक होते, २०१८ मधे निकाल छापून आले. तो सीबीटीचा ग्रुप नव्हता, सगळ्या शाळेचं वातावरण सुधारायचा कार्यक्रम होता, पण धडा इथे लागू पडतो. तोच कार्यक्रम काही शाळांमधे बाहेरून नेमलेल्या, थोडं ट्रेनिंग दिलेल्या साध्या काउन्सेलरनी राबवला आणि काहींत शिक्षकांनी. काउन्सेलरवाल्या शाळांमधे मुलांची उदासी कमी झाली, दादागिरी कमी झाली. शिक्षकवाल्या शाळांमधे काही न करणाऱ्या शाळांपेक्षा फरक दिसला नाही. त्यात शिक्षकांचा दोष कमी आणि टोपीचा जास्त, एकाच डोक्यावर दोन टोप्या बसत नाहीत. तेव्हा मॅडमना नम्रपणे सांगा, दुसरी मदतनीस हवीच असेल तर शाळेबाहेरची घ्या.

अजून एक विचारा, हा ग्रुप निवडक मुलींचाच राहणार ना, का पुढे अख्ख्या वर्गाला लावणार. कारण मुख्याध्यापकांना असं चांगलं काही दिसलं की सगळ्यांना द्यायचा मोह होतो. इंग्लंडमधे आठ शाळांमधे सीबीटीचे धडे पूर्ण वर्गाला देऊन बघितले, २०१२ मधे त्याचा अहवाल आला, नेहमीच्या तासांपेक्षा काहीही जास्त फायदा नाही. ज्याला त्रास नाही त्याला ते कंटाळवाणं आणि ज्याला आहे त्याला अख्ख्या वर्गासमोर तोंड उघडवत नाही. आठ जणी हा आकडा मला बरोबर वाटतो, दहाच्या वर गेला तर काळजी करा. आणि कोणी मुलगी सध्या हातावर ब्लेड मारत असेल किंवा जिवाचं बोलत असेल तर तिला ग्रुपमधे न घेता आधी वेगळं बघतात का, हेही. तिच्यासाठी आणि बाकीच्यांसाठी दोन्हींसाठी ते बरं असतं, या वयात एकीचं बघून दुसरी करते.

फायदा किती होईल हे पण खरं खरं सांगते नाहीतर दहा आठवड्यांनी तुम्ही मला शिव्या द्याल. काही मुली खूप सुधारतात, बऱ्याच जणी थोड्या सुधारतात, एकदोघींना काहीच होत नाही. त्या तेराचे सहा झाले तर छान, आठ झाले तरी वाईट नाही, तसेच राहिले किंवा वाढले तर दहा आठवडे संपायची वाट बघू नका, पाचव्या-सहाव्याला मॅडमना पुन्हा तो फॉर्म भरून घ्यायला सांगा. मग मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं, सिव्हिलला असतात, तिथे किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक पण असतं, पैसे नसतील म्हणून थांबू नका. गोळ्या लिहून दिल्या तर लगेच घाबरू नका. अमेरिकेत २००४ मधे १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलामुलींवर मोठी चाचणी झाली, त्यांचा आजार तुमच्या मुलीपेक्षा बराच जास्त होता, त्यात बारा आठवड्यांनी गोळी आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले आणि नुसत्या सीबीटीवाल्यांपैकी ४३ टक्के. पुढे ३६ आठवड्यांपर्यंत नुसत्या सीबीटीवाल्यांनीही ती बरोबरी जवळजवळ गाठली. म्हणजे जास्त आजारात गोळीने लवकर उतार पडतो, मध्यम असेल तर सीबीटीने सुरुवात करायला हरकत नाही. तुमची मुलगी सध्या मध्यममधे आहे म्हणून मी ग्रुप म्हणतेय.

स्थळांचं. ताई, मुलगी चौदा वर्षांची आहे! पण सासूबाईंची भीती हसण्यावारी नेत नाही, गावात शिक्का बसतो हे मलाही माहीत आहे. तर त्यांना सांगा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यातलं काही लिहीत नाहीत, निकालपत्रावर लिहीत नाहीत. मॅडमकडे नोंदी कुलपात राहतात का ते विचारून घ्या, आणि ग्रुपचं नाव शाळेत काय लावलंय तेही. मी माझ्या ग्रुपला कधी डिप्रेशनचा ग्रुप म्हणत नाही, ‘मंगळवारचा क्लास’ म्हणते. एकदा एका शाळेत उत्साहाच्या भरात फलकावर मोठ्या अक्षरात ‘नैराश्यग्रस्त विद्यार्थिनींची बैठक, खोली नं. ७’ लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी एकही मुलगी आली नाही, मी असते तर मीही गेले नसते.

मोबाईल काढून घ्यायचं म्हणाल तर रात्री दहानंतर सगळ्यांचेच, तुमचाही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला ठेवा, झोप सुधारेल. पूर्ण काढून घेऊ नका, उरलेल्या दोन मैत्रिणी पण तुटतील.

आता जरा तुम्हाला बोलते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय कुकर आणि भांडी तीच बघते, तशी गुणी आहे. ग्रुपमधे तिला सांगणार आहेत की रोज वीस मिनिटं तुला आवडायचं ते कर, संध्याकाळी. तिची संध्याकाळ आहे कुठे? शाळेतून येते, आडवी होते, उठून कुकर लावते, भांडी घासते, मग अभ्यास, आणि तोवर सहावीतले साहेब कुठे असतात? मैदानावर असणार, हो ना. मी बघितलेत असे ग्रुप, बाकी सगळं छान चालतं आणि घरचा अभ्यास मात्र होत नाही, कारण घरात मुलीला वीस मिनिटं रिकामी मिळत नाहीत, मग ती पुढच्या मंगळवारी म्हणते बघा मॅडम मला हेही जमलं नाही, आणि तो मागचा रेडिओ अजून मोठ्याने वाजायला लागतो. तुम्ही सातपर्यंत दुकानात उभ्या असता, तुम्हाला दोष देत नाहीये, पण दहा आठवडे भांडी धाकट्याला लावा. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला भांडी येतात. सासूबाई कुरकुर करतील, करू देत.

मंगळवारी घरी आली की आज काय झालं ग, काय बोललात, हे विचारायचं नाही. फार कठीण जाईल, माहीत आहे. वही उघडायची नाही, ती गादीखाली सापडली तरी नाही. एकदा जरी तिला कळलं की आईने वाचलं तर त्या वहीत पुढे सगळं सात आणि आठच मार्क पडतील. ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य घरातून दहा आठवडे हद्दपार. बाबांना फोनवर सांगा की मार्कांच्या आधी दुसरं काहीतरी विचारा, काय विचारायचं सुचत नसेल तर चाकणला आज जेवणात काय होतं ते स्वतःच सांगा, तेवढं पण पुरतं.

आणि सही करायच्या आधी तिला विचारा. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण अख्ख्या पत्रात मॅडम काय म्हणाल्या, सासूबाई काय म्हणाल्या हे आहे, ती स्वतः काय म्हणाली ते नाहीये. नको म्हणाली तर जबरदस्ती नको, एवढंच म्हणा की दोन मंगळवार जाऊन बघ, पास पास म्हणत बस, नाही आवडलं तर मी मॅडमशी बोलेन आणि एकटीचं काही होतंय का बघू. दोन म्हणजे दोनच, मग शब्द फिरवू नका.

मधल्या काळात कधी रात्री-अपरात्री घाबरायला झालं, ती काही भलतं बोलली, तर १४४१६ वर फोन लावा, टेलि-मानस म्हणून सरकारी लाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. मुलांसाठीची १०९८ पण आहे. आणि तिने स्वतःला काही करून घेतलं किंवा आता करते की काय असं वाटलं तर फोनवर वेळ न घालवता तिला एकटीला न सोडता सरळ दवाखाना.

ते स्पोर्ट शूज माळ्यावरून खाली काढा. खेळायला जा म्हणू नका, नुसते दाराशी ठेवा. आणि आधी पायाला होतात का बघा, दिवाळीपासून पाय वाढला असेल.